नायक कोण? अभिवाचनाच्या कामाच्या नोंदी, सांगली

९ ऑगस्ट

विषय एकदाचा पक्का झाला. रंगभूमी दिनाला म्हणजे ५ नोव्हेंबरला वाचनालयाच्या हॉलमध्ये पाऊण तासाचं अभिवाचन करायचं, पाच जण वाचणार, सोबत पेटी, बाकी नेपथ्य वगैरे काही नाही. सांगलीत राहून ५ नोव्हेंबरला काहीच करायचं नाही हे मला पटत नाही, कारण १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, सीतास्वयंवर उभं केलं आणि मराठी नाटक सुरू झालं, आणि ते सुरू झालं तेच मुळी रामायणातनं. म्हणून यंदा महाकाव्यच. फक्त एखादी गोष्ट सलग सांगायची नाही, एक प्रश्न घ्यायचा की जुन्या महाकाव्यात नायक हा नायक कशानं होतो.

पुस्तकं चार, रामायण, महाभारत, होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं इलियड आणि मेसोपोटेमियाचं गिल्गमेश. ओडिसी आणि व्हर्जिलचं इनिड वेळेत बसलं तर.

पहिल्या बैठकीत सगळ्यांना म्हटलं नायकाला काय काय लागतं ते सांगत जा, मी फळ्यावर लिहितो. ताकद, धाडस, देवाचा अंश, खास शस्त्र, मोठी प्रतिज्ञा, मरणाची भीती नसणं, असं बरंच आलं. मग बी.ए.ला असलेलं एक पोरगं म्हणालं, "सर, हे सगळं रावणाकडं पण आहे की." आहेच. रावणाकडं तप आहे, वर आहे, विद्या आहे, हिंमत तर आहेच. दुर्योधनाकडं गदा आहे आणि शेवटपर्यंत न वाकण्याची जिद्द आहे. ट्रॉयचा हेक्टर तर त्याला मारणाऱ्या ग्रीक अकिलीसपेक्षा जास्त जवळचा वाटतो. म्हणजे फळ्यावरच्या यादीनं लढवय्या ठरतो, नायक ठरत नाही. आता इथनंच पुढं जायचं.

१३ ऑगस्ट

वाल्मीकींनी रामायणाची सुरुवातच या प्रश्नानं केलीय हे मला फार आवडतं. नारदांना ते विचारतात, "को न्वस्मिन् साम्प्रतं लोके गुणवान् कश्च वीर्यवान्", आत्ता या जगात गुणवान कोण, पराक्रमी कोण, धर्म जाणणारा, उपकार जाणणारा, खरं बोलणारा कोण. कथा नंतर, आधी माणूस कसला पाहिजे त्याची चौकशी. त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत त्या मी वहीत चौकटीत लिहून ठेवल्या. एक, ज्यानं राग जिंकलाय असा. दुसरी, ज्याला रणात राग आला तर देवसुद्धा घाबरतात असा. दोन्ही एकाच माणसात पाहिजेत!

आणि इलियडची पहिली ओळ काय आहे, तर हे देवी, अकिलीसचा राग गा. एक काव्य राग जिंकलेल्या माणसाच्या शोधात निघतं आणि दुसरं रागानंच सुरू होतं. ही जोडी स्क्रिप्टच्या पहिल्या पानावर. दोन वाचक, दोन माईक, मागं पेटीचा नुसता षड्ज.

१९ ऑगस्ट

पाऊस थांबायचं नाव घेईना. सगळ्यांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पातळीकडं, ग्रुपवर स्क्रिप्टपेक्षा फुटांचे आकडे जास्त यायला लागलेत (४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं). बैठक रद्द, ज्यानं त्यानं घरी वाचायचं. मी इलियड पुन्हा काढलं.

युद्ध दहा वर्षांचं असलं तरी काव्यात येतात ते दहाव्या वर्षातले थोडेच दिवस. ग्रीकांच्या सेनापतीनं, आगामेम्नननं, अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदी स्त्री, ब्रिसेइस, काढून घेतली म्हणून हा तंबूत जाऊन बसतो आणि इकडं त्याचीच माणसं मरत राहतात. नवव्या सर्गात ओडिसियस, म्हातारा फिनिक्स आणि एजॅक्स त्याची समजूत घालायला येतात, तेव्हा तो जे सांगतो ते आमच्या विषयाच्या गाभ्याचं आहे. आईनं, थेटिसनं, त्याला सांगून ठेवलंय की दोन वाटा आहेत, इथं राहून लढलास तर लवकर मरशील पण नाव राहील, घरी गेलास तर आयुष्य मोठं पण नाव नाही. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरताना आपल्याला बाहेर यायचं माहीत नाही एवढंच माहीत होतं, पण याला सगळं म्हणजे सगळंच माहीत आहे. नंतर जिवलग मित्र पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातनं मारला गेल्यावर आई परत सांगते की हेक्टरला मारलंस की पाठोपाठ तुझीच पाळी, तरी हा उठतो.

मला आधी वाटत होतं की इथंच उत्तर संपलं, किंमत माहीत असून ती मोजणारा तो नायक. पण मग हेक्टरलाही माहीत आहे. सहाव्या सर्गात तो बायकोला सांगतो की ट्रॉय पडणार हे मला मनातनं कळतं. आणि कर्णाला तर कृष्णानं सांगून झालेलं असतं. किंमत माहीत असणारे बरेच आहेत. अजून काहीतरी लागतंय.

२५ ऑगस्ट

पाणी उतरलं, ऊन पडलं. मिरजेच्या पुढं एका गावात देवळाबाहेर विरगळी, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड, आहेत तिथं तिघं जाऊन आलो. आपल्याकडं सांगली साताऱ्याच्या गावागावात या आहेत, कुठं शेंदूर फासलेल्या, कुठं पारावर टेकवलेल्या, आणि रोज शेजारनं जाणाऱ्यालासुद्धा त्यात काय कोरलंय ते बघायला सवड नसते.

एक नीट बघितली. उभा दगड, आडवे कप्पे, वाचायचा खालनं वर. सगळ्यात खाली वीर आडवा पडलेला आणि त्याच्या डोक्याशी गायी. म्हणजे गावाची गुरं कुणीतरी पळवली, हा सोडवायला गेला आणि मेला. त्यावरच्या कप्प्यात झटापट, समोरच्याच्या हातात ढाल दिसते, याच्या हातातली तलवार झिजून नुसता उंचवटा राहिलाय. त्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर घेऊन चालल्यात. वरच्या कप्प्यात शिवलिंग, शेजारी पुजारी आणि हात जोडून बसलेला तोच वीर. आणि माथ्यावर चंद्र सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील. अकिलीसला पाहिजे होतं ते हेच की!

गुरांसाठी मरणं हे महाकाव्यांना परकं नाही. विराटपर्वात कौरव विराटाची गुरं वळवून नेतात आणि बृहन्नडा झालेला अर्जुन बावरलेल्या उत्तराला सारथी करून ती सोडवून आणतो. आपल्या वाईला विराटनगरी म्हणतात, शेजारी पांडवगड आहे, त्यामुळं साताऱ्याच्या माणसाला ही गोष्ट घरचीच वाटते. इलियडमध्येसुद्धा म्हातारा नेस्टर तरुणपणी गुरं लुटून आणल्याची आठवण लांबलचक सांगत बसतो.

विरगळीवर लढाई आहे, पण सगळ्यात खाली. आणि दगड कोरून घेतला तो मागं राहिलेल्यांनी, स्वतः वीर तर गेलेला. जुन्या ग्रीसमध्येही असंच होतं, मेलेल्या वीराच्या थडग्यापाशी नैवेद्य, बळी, पूजा असायची. म्हणजे नायकपणाचा मोठा हिस्सा मेल्यानंतरचा आहे. परत येताना गाडीत सगळे हेच बोलत होतो.

३० ऑगस्ट

गणपती. कुणाला वेळ नाही, पोरं मंडळात, ताई गौरीच्या तयारीत. काम बंद.

९ सप्टेंबर

सापडलं. निदान मला तरी ठाम वाटतंय.

विरगळ बघून आल्यावर मी चारही पुस्तकांत फक्त एकच गोष्ट शोधत गेलो, मेलेल्या माणसाच्या देहाचं हे लोक काय करतात. मित्राच्या, आणि त्याहून जास्त शत्रूच्या. आणि सगळी काव्यं तिथंच येऊन थांबतात.

इलियड बघा. हेक्टरची बायको अँड्रोमाकी सहाव्या सर्गात सांगते की माझ्या बापाला अकिलीसनं मारलं, पण त्याचं चिलखत उतरवून घेतलं नाही, चिलखतासकट दहन केलं, वर माती रचून दिली. म्हणजे हा माणूस मुळात असा होता. मग पॅट्रोक्लस जातो आणि हाच माणूस बदलतो. बाविसाव्या सर्गात हेक्टर लढायच्या आधी करार मागतो, जो जिंकेल त्यानं दुसऱ्याचा देह त्याच्या माणसांकडं द्यायचा. अकिलीस म्हणतो सिंह आणि माणसांत करार होत नसतात. मारल्यावर घोट्याला भोक पाडून, वादी ओवून, रथाला बांधून फरफटत नेतो, आणि हे आईबाप तटावरनं बघतायत. पुढं रोज पॅट्रोक्लसच्या मातीच्या ढिगाभोवती फरफटत फिरवतो. देव स्वतः त्या देहाला जपतात, फाटू देत नाहीत, कुजू देत नाहीत. अपोलो तर देवांच्या सभेत उठून सांगतो की या माणसातली दया मेलीय.

ताकदीच्या हिशोबात बघितलं तर अकिलीस तेव्हा सगळ्यात वर आहे. आणि काव्य त्याला तिथं नायक म्हणून सोडत नाही, अजून दोन सर्ग पुढं नेतं.

रामायणात युद्धकांडात रावण पडल्यावर बिभीषण अंत्यसंस्काराला कां कू करतो, हा असला वागलेला माणूस. तेव्हा राम म्हणतो, "मरणान्तानि वैराणि", वैर मरणापर्यंतच, आपलं काम झालं, आता याचा संस्कार कर, तो जसा तुझा तसा माझाही. नारदांना विचारलेला प्रश्न बालकांडात आहे, पण उत्तर मला वाटतं इथं मिळतं. देवांनाही भीती वाटेल असा राग आणि राग जिंकलेला माणूस, दोन्ही एका दिवसात, एकाच रणात.

हे बैठकीत वाचून दाखवलं तर एकजण लगेच म्हणाला, प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखान पडला आणि त्याची कबर गडाच्या पायथ्याला आहे. आपल्या भागातल्या माणसाला हा विचार बाहेरनं शिकवावा लागत नाही. मात्र स्क्रिप्टमध्ये फक्त जुनी काव्यं, त्यामुळं ते घेतलं नाही.

१४ सप्टेंबर

कर्णावरनं दोन तास गेले. काकांचं म्हणणं कर्ण नसेल तर मी वाचणारच नाही, आणि सभागृहात बसलेले निम्मे लोक कर्णासाठीच आलेले असतील. दुसरं त्यांचं बरोबर आहे. ताईचं म्हणणं की द्यूतसभेत द्रौपदीबद्दल जे बोलला ते बोलला, आणि तेराव्या दिवशी अभिमन्यूला घेरलं त्या महारथींत हाही होता, मग त्याला नायक कसं म्हणता.

माझं मत असं की दोन्ही सांगायचं, काही लपवायचं नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला सांगतो तू कुंतीचा थोरला मुलगा, ये, राज्य तुझं, पांडव तुझे पाय धरतील. कर्ण म्हणतो मला माहीत आहे, पण अधिरथ आणि राधेनं मला वाढवलं, दुर्योधनानं माझ्या भरवशावर हे युद्ध मांडलं, मी येणार नाही, आणि हे युधिष्ठिराला सांगू नकोस, त्याला कळलं तर तो राज्य घेणार नाही. या शेवटच्या वाक्याला काका वाचताना थांबले, डोळे भरून आले त्यांचे. तिथं पेटी नको, काहीच नको.

रथाचं चाक सगळ्यांना पाठ आहे, ते गाळलं. त्याच्या जागी युद्धानंतरचा प्रसंग घेतला, स्त्रीपर्वाच्या शेवटी गंगेकाठी सगळ्या मेलेल्यांना पाणी द्यायचं चाललंय आणि कुंती मुलांना सांगते, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिर कोसळतो. जिंकून झालंय, छत्तीस वर्षं राज्य करायचंय, आणि त्याला कळतं की ज्याच्या मरणाचा आनंद केला तो आपलाच होता. पाणी देताना. महाभारतातला विजय बघायचा असेल तर हा बघावा.

भीमाचाही एक तुकडा घेतलाय. दुर्योधन मांडी मोडून पडलाय आणि भीम त्याच्या डोक्याला डाव्या पायानं लाथ मारतो. युधिष्ठिर त्याला अडवतो, हा राजा आहे, आपला नातेवाईक आहे, पाय लावू नकोस. कुणी अडवलं ते महत्त्वाचं.

२१ सप्टेंबर

गिल्गमेश. नावं जड जातायत, एन्किडू, हुंबाबा, उत्नपिश्तिम, पण पोरांनी मनावर घेतलंय. मातीच्या विटांवर खिळ्यासारख्या अक्षरांत लिहिलेलं काव्य, निनेवेला असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात सापडलेलं, आणि १८७२ ला लंडनला जॉर्ज स्मिथनं त्यातली पुराची गोष्ट वाचून काढली तेव्हा सगळीकडं खळबळ उडाली. महापुराचा भाग इथं सांगलीत वाचला की हॉल शांत होणार हे नक्की, तरी तो आमच्या प्रश्नाचा नाही म्हणून चार ओळींत आटपला.

आमचा भाग एन्किडूच्या मरणाचा. तो लढाईत मरत नाही, आजारी पडून अंथरुणात मरतो आणि त्याची त्याला स्वतःला खंत वाटते. गिल्गमेश सहा दिवस सात रात्री रडतो, देह पुरू देत नाही, नाकातनं अळी पडेपर्यंत. ती अळी स्क्रिप्टमध्ये ठेवायची का यावर वाद झाला, मी ठेवली. उरुकचा एवढा मोठा राजा, ज्यानं देवदाराचं रान तोडलं, स्वर्गातला बैल मारला, तो त्या अळीनं घाबरतो आणि कातडी पांघरून रानोमाळ फिरत सुटतो की मला मरायचं नाही. म्हाताऱ्याला पुन्हा तरुण करणारी वनस्पती मिळते तीही साप नेतो. परत येतो तेव्हा हातात काही नसतं आणि तो नावाड्याला उरुकचा तट दाखवतो, बघ, वर चढून बघ, वीट बघ. पराक्रम सगळा आधी झालेला, पण माझ्या लेखी तो नायक होतो तो इथं.

२८ सप्टेंबर

इनिड गाळलं. वेळ नाही हे खरं कारण, पण वहीत नोंद ठेवतो कारण पुढं कधीतरी करायचंय. दहाव्या सर्गात काव्याचा नायक एनियस लॉसस नावाच्या पोराला मारतो, पोरगं बापाला वाचवायला मधे आलेलं असतं. मारल्यावर याला स्वतःचा बाप आठवतो, तो देह स्वतः उचलून देतो, चिलखत अंगावर तसंच ठेवतो. आणि शेवटच्या सर्गात त्याचा शत्रू टर्नस गुडघ्यावर येऊन म्हणतो मला, नाहीतर माझा देह तरी, माझ्या माणसांना दे, एनियस क्षणभर थांबतो, तेवढ्यात टर्नसच्या अंगावर त्यानंच मारलेल्या आपल्या तरुण साथीदाराचा, पॅलसचा, पट्टा दिसतो आणि रागात तलवार खुपसतो. तिथंच काव्य संपतं. व्हर्जिलनं पुढं काहीच सांगितलं नाही, ऐकणाऱ्याला त्या रागापाशी सोडून दिलं.

ओडिसीतनं मात्र एक वाक्य घेतलं. बायकोला मागणी घालत घरात घुसलेल्या सगळ्यांना मारून झाल्यावर म्हातारी दाई आनंदानं ओरडायला लागते आणि ओडिसियस तिला गप्प करतो, मेलेल्यांवर फुशारकी मारणं पाप आहे. रामाच्या वाक्यानंतर लगेच हे. मधे एक श्वास फक्त.

५ ऑक्टोबर

प्रायमचा सीन उभा राहिला. याच्यासाठीच हे सगळं करतोय असं आज वाटलं.

हेक्टरचा बाप, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, रात्री गाडीत खंडणी भरून शत्रूच्या छावणीत जातो, वाट दाखवायला हर्मीस देव. तंबूत शिरतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि त्याच्या हातांचं चुंबन घेतो, ज्या हातांनी त्याची इतकी पोरं मारली त्या हातांचं. म्हणतो तुझ्या बापाला आठव, तोही माझ्याच वयाचा आहे. मग दोघं रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी.

काका प्रायम वाचतात, बी.ए.चं पोरगं अकिलीस. पोरगं पहिल्यांदा आवाज मऊ करून वाचत होतं. मी म्हटलं नको, राग अजून आत आहे त्याच्या, पुस्तकातच आहे. प्रायम घाई करायला लागतो तेव्हा अकिलीस त्याला दरडावतो, मला डिवचू नकोस. आणि दासींना सांगतो की हेक्टरचा देह बाजूला नेऊन धुवा, बापाच्या नजरेला पडू देऊ नका, तो बघून भडकला तर माझाही तोल जाईल आणि मी त्याला मारीन. एवढं स्वतःला ओळखून वागणारा माणूस! धुऊन, तेल लावून, वस्त्र घालून झाल्यावर तो देह अकिलीस स्वतः उचलतो आणि खाटेवर ठेवतो. फरफटत नेणारे हात तेच. मग पॅट्रोक्लसला हाक मारून म्हणतो रागावू नकोस. मग प्रायमला जेवायला घालतो, त्यानं हेक्टर गेल्यापासून अन्नाला हात लावलेला नसतो. आणि विचारतो, दिवसकार्याला किती दिवस पाहिजेत, तेवढे दिवस मी लढाई थांबवतो. अकरा दिवस ठरतात.

आपल्याकडं शत्रूच्याही मयताला खांदा देतात, म्हणून इथं कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पोरानं "किती दिवस पाहिजेत" हे अगदी सपाट आवाजात विचारलं आणि ताईनं वही खाली ठेवली.

१९ ऑक्टोबर

दिवाळीच्या आधीची शेवटची रिहर्सल. वेळ पाऊण तासाच्या पुढं जातोय, संस्कृत काव्यशास्त्रातले नायकाचे चार प्रकार, धीरोदात्त, धीरोद्धत वगैरे, तो सगळा निवेदनाचा भाग काढला. चांगला होता पण वर्गात शिकवल्यासारखा व्हायला लागला. श्लोकांचे उच्चार ताई सगळ्यांकडनं घोटून घेणार आहे. माईकचं बघायचं, एकाला खरखर आहे.

५ नोव्हेंबर

झालं. हॉल भरला, मागं लोक उभे होते. सुरुवातीचा षड्ज, मग नारदांना विचारलेला प्रश्न आणि लगोलग अकिलीसचा राग, तिथंच लोक सावरून बसले. कर्णाच्या भागाला टाळ्या पडणार हे माहीत होतं. गंगेवरच्या पाण्याला मात्र एकही टाळी नाही, आणि मला तेच पाहिजे होतं. अळीच्या वाक्याला पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे मिटले. शेवट इलियडच्या शेवटच्या ओळीनं केला, असा त्यांनी घोडे माणसाळवणाऱ्या हेक्टरचा अंत्यविधी केला. अकिलीसच्या रागानं सुरू झालेलं काव्य शत्रूच्या अंत्यविधीवर संपतं, यावर वेगळं निवेदन ठेवलेलं नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही.

नंतर चहाला एक बाई आल्या, म्हणाल्या, "सगळं छान झालं, पण धुणाऱ्या बायका कोण होत्या ते कुणी सांगितलं नाही. आणि रडायला तर बायकाच होत्या ना शेवटी?" होत्या. इलियडच्या शेवटी हेक्टरच्या देहाशेजारी अँड्रोमाकी, आई हेक्युबा आणि जिच्यावरनं युद्ध पेटलं ती हेलन अशा तिघी एकामागनं एक विलाप करतात आणि हेक्टर कसला माणूस होता ते त्याच सांगतात. हेलन म्हणते या घरात तो मला कधी टोचून बोलला नाही. बापाच्या तोंडचं, भावाच्या तोंडचं त्याचं एवढं खरं वर्णन कुठं नाही.

९ नोव्हेंबर

बैठक झाली. पुढचं काम त्या बाईंच्या प्रश्नावर. स्त्रीपर्व पूर्ण वाचायचं, गांधारी रणावर फिरते आणि एकेक देह दाखवत कृष्णाला विचारत जाते, शेवटी त्यालाच शाप देते की छत्तिसाव्या वर्षी तुझंही कुळ असंच संपेल. त्याच्या जोडीला मंदोदरीचा विलाप आणि ट्रॉयच्या तिघी. वाचणाऱ्या पाचही बायकाच पाहिजेत असं ताईचं म्हणणं, सगळ्यांना पटलं. काका म्हणाले मग मी पेटीवर बसतो.

भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतलं स्त्रीपर्व ताई मिळवणार. रविवारी पहिलं वाचन, तिच्याकडं, मिरजेत.